मी थांबवलेली गाडी

शनिवार, १ फेब्रुवारी. संध्याकाळी ७.१०

आजपासून रोजनिशी. सहासष्टाव्या वर्षी सुरू करतोय, पण आता लिहिण्यासारखं घडायला लागलंय.

स्टेशनालगतच्या जुन्या सिग्नल केबिनचं संग्रहालय होणार. उद्घाटन रविवार, १६ मार्च. आत भिंतीवर जुन्या आठवणींचे पाच फलक लागणार आणि त्यांचा मजकूर आमच्या शनिवार मंडळाने द्यायचा. मंडळ म्हणजे आम्ही चार रेल्वेवेडे. अकरा वर्षं दर शनिवारी चार वाजता तीन नंबर प्लॅटफॉर्मच्या टोकाला, कँटीनच्या खिडकीजवळचं टेबल. चहा, टोस्ट, चार चाळीसची मालगाडी, गप्पा, सहा पाचची एक्स्प्रेस, घरी.

डॉक्टर म्हणजे रिटायर्ड डेंटिस्ट. ग्रुपचे अॅडमिन. माणसाच्या तोंडाकडे बघून बोलतात, सवय गेली नाही. भूगोलाच्या बाई लांबलचक वहीत सगळं टिपून ठेवतात. शिट्टी हा घड्याळं दुरुस्त करायचा. हॉर्नवरून इंजिन ओळखतो. आणि मी. चौतीस वर्षं छापखान्यात रेल्वेच्या वेळापत्रकांची प्रुफं वाचली. मंडळात मला 'ब्रेक' म्हणतात. कारण नऊ वर्षांचा असताना मी एक अख्खी पॅसेंजर थांबवली होती.

पहिला फलक अर्थातच माझा. सर्वानुमते ठरलं. (शिट्टी तेव्हा खिडकीबाहेर बघत होता, पण विरोध केला नाही.)

मजकूर मीच लिहिणार. मर्यादा १२० शब्द. आज रात्रीच्या जेवणाआधी संपवणे.

रविवार, २ फेब्रुवारी

मजकूर ४८० शब्द झाला. गाडी अजून दिसायची आहे.

घटना थोडक्यात. लाकडाचे ओंडके भरलेली बैलगाडी फाटकात रुळांवर अडकली. आस मोडला. गाडीवान बैल सोडून पळाला. वळणापलीकडून पॅसेंजर येतेय, आत चारशे माणसं. मी लाल कापड हलवत रुळांच्या कडेने गाडीच्या दिशेने धावलो. ड्रायव्हरने ब्रेक मारला. ओंडक्यांपासून वीस पावलांवर गाडी उभी.

बायकोला वाचून दाखवलं. तिने भाजी निवडता निवडता विचारलं, अहो, लाल कापड आलं कुठून? म्हटलं, दप्तरात होतं. म्हणाली, नऊ वर्षांच्या पोराच्या दप्तरात? म्हटलं, तेव्हाची मुलं जबाबदार होती. म्हणाली, तुम्हाला ब्रेक का म्हणतात माहीत आहे का, तुम्ही तोंड उघडलंत की बाकीच्यांच्या गप्पा बंद पडतात म्हणून. डॉक्टरांच्या बायकोने तिला सांगितलंय म्हणे.

डॉक्टरांच्या बायकोला रेल्वेतलं काही कळत नाही.

शनिवार, ८ फेब्रुवारी. संध्याकाळी ६.००

एक्स्प्रेस यायची आहे आणि मी घरी आहे. अकरा वर्षांत पहिल्यांदा.

आज डॉक्टर एक नवीन माणूस घेऊन आले. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. इस्त्रीचा शर्ट, बटणं गळ्यापर्यंत, बोलणं मोजकं. फलकांच्या कामी उपयोग होईल म्हणून बोलावलं. याच केबिनमध्ये ते नोकरीला होते. मंडळाने लगेच नाव ठेवलं, केबिनवाले.

डॉक्टरांनी ओळख करून दिली, हे आमचे ब्रेकसाहेब, यांनी लहानपणी इथेच गाडी थांबवली. केबिनवाल्यांनी विचारलं, कोणतं साल? मी सांगितलं. कोणतं फाटक? मी सांगितलं. ओंडक्यांची गाडी का? मी हो म्हटलं.

त्यांनी कप खाली ठेवला. म्हणाले, त्या दिवशी ड्यूटीवर मी होतो. एकट्याने ड्यूटी करायचा पहिला महिना.

बाईंनी वही उघडली. शिट्टीने अकरा वर्षांत पहिल्यांदा माझ्याकडे वळून पाहिलं.  केबिनवाले माझा चेहरा निरखत होते, कुठे ओळख पटते का तसे. मग हळूच म्हणाले, फार वर्षं शोधतोय मी.

मी म्हटलं, बायकोला दवाखान्यात न्यायचंय. पाच वीसला निघालो. बायको घरी ठणठणीत. तिला म्हटलं, मंडळात हल्ली दर्जा राहिला नाही.

रविवार, ९ फेब्रुवारी. सकाळी ६.३०

शांत डोक्याने विचार केला. हा माणूस तोतया असू शकतो. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाला सत्तावन्न वर्षांपूर्वीचं काय आठवणार? मला माझं सगळं आठवतं ही गोष्ट वेगळी, मी रोज सांगत आलोय.

ठराव: पुढच्या शनिवारी त्यांना तांत्रिक प्रश्न विचारून उघडं पाडणे.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

धडधड. चहा कमी करणे.

शनिवार, १५ फेब्रुवारी

उघडं पाडण्याचा प्रयत्न केला. चार प्रश्न लिहून नेले होते. पहिल्याच प्रश्नावर त्यांनी केबिनमधला कुठला दांडा कशाचा ते उजवीकडून डावीकडे सगळं सांगितलं. बाईंनी आकृती काढून घेतली. बाकीचे तीन प्रश्न मी खिशातच ठेवले.

मग बाईंनी विचारलं, त्या दिवशी वरून तुम्हाला काय दिसलं? चार चाळीसची मालगाडी जात होती, त्यामुळे ते थांबले. अठ्ठेचाळीस डबे. मी इतकी लांब मालगाडी आयुष्यात पाहिली नाही. शेवटचा डबा गेला आणि ते म्हणाले, एक मुलगी दिसली. बारा-तेरा वर्षांची. दोन वेण्या. अंगातला लाल स्वेटर काढून डोक्यावर फिरवत गाडीच्या समोर धावत होती. एका पायात चप्पल नव्हती. खडीवरून तशीच धावत होती.

 मी टोस्ट बशीत परत ठेवला.

डॉक्टर म्हणाले, मुलगी? सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला काहीतरी बोलणं भाग होतं. म्हटलं, लांबून तसं वाटलं असेल. तेव्हा माझे केस लांब होते.

शिट्टी म्हणाला, दोन वेण्या येण्याइतके?

मी म्हटलं, वाऱ्याने दोन भाग झाले असतील.

बाईंनी लिहून घेतलं: केस लांब, वारा. आणि म्हणाल्या, तुमचा त्या वयातला एक फोटो आणा, फलकावर लावू. केबिनवाल्यांनी नुसती मान हलवली. माणूस भांडला असता तर मला जड गेलं नसतं.

रविवार, १६ फेब्रुवारी

अल्बम काढला. नऊ वर्षांचा माझा एकच फोटो. डोक्यात खरूज झाली होती म्हणून तुळतुळीत गोटा केलेला. शेजारी ताई. दोन वेण्या.

बायको घरात यायच्या आत अल्बम माळ्यावर टाकला.

मंगळवार, १८ फेब्रुवारी. दुपारी १.००

ताईचा फोन. मोतीबिंदूचं ऑपरेशन इथेच करायचं ठरवलंय. ३ मार्चला येतेय, पाच तारखेला ऑपरेशन, मग दोन आठवडे आमच्याकडे. बायको खूश. दोघींचं सख्ख्या बहिणींसारखं जमतं.

मी म्हटलं, ताई, तुमच्याकडे चांगले डोळ्यांचे डॉक्टर नाहीत का? ती म्हणाली, छोट्या, तुला मी यायला नको आहे का? म्हटलं, छे, छे. बायकोने फोन हिसकावून घेतला.

दोन आठवडे म्हणजे १६ मार्चसुद्धा आत आली. ऑपरेशन झालं की डोळ्यांवर पट्टी असेल, हा एक दिलासा. फलक तिला वाचता येणार नाही.

हे लिहिलं आणि माझं मलाच कसंतरी झालं. खोडत नाही. रोजनिशीत खाडाखोड नको.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

बायकोने माळ्यावरून पाहुण्यांची गादी काढायला सांगितली. ती वर चढली तर अल्बम सापडेल, म्हणून मी घाईघाईने स्टुलावर चढलो. अल्बम आणखी आत ढकलताना स्टूल सरकलं. आधी मी पडलो, मग गादी, मग अल्बम. घोटा सुजलाय. अल्बम नेमका त्याच पानावर उघडा पडला होता.

बायकोने फोटो पाहिला. हसली. म्हणाली, काय गोड गोटा होता हो तुमचा. बाईंना हाच देऊ.

शनिवार, २२ फेब्रुवारी

घोट्यामुळे मंडळात गेलो नाही. देव आहे म्हणायचा.

ग्रुपवर बाईंचा मेसेज: ब्रेकसाहेब, फोटो? डॉक्टरांचा मेसेज: फलकांचा मजकूर १० मार्चपर्यंत छपाईला द्यायचाय. केबिनवाल्यांनी काही लिहिलं नाही. पण माझा प्रत्येक मेसेज त्यांनी वाचल्याच्या निळ्या खुणा येतात. लगेच येतात.

रविवार, २३ फेब्रुवारी

स्वतःशी नीट हिशेब करायला हवा, म्हणून लिहितो. हे कोणी वाचणार नाही.

स्वेटर ताईचा होता. हे मी कधी नाकारलेलं नाही, कोणी विचारलंच नाही. धावलीही ती. पण गाडी येतेय हे आधी मी ओरडलो. मी ओरडलो नसतो तर तिला कळलं असतं का? एखाद्या कामात सूचना महत्त्वाची की अंमलबजावणी? ज्याची कल्पना, त्याचं श्रेय. या अर्थाने गाडी मीच थांबवली म्हणायला हरकत नाही. 'मी' च्या जागी 'आम्ही' केलं तर मजकूर पूर्ण खरा होतो.

केलं. आता ६१० शब्द.

तीनदा वाचलं. 'आम्ही धावलो' इथे दर वेळी अडखळलो.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

सुटकेचा मार्ग सापडला! सकाळी दाढी करताना सुचला.

गाडी येत असताना फाटक उघडं कसं राहिलं? ड्यूटीवर कोण होतं? केबिनवाले! म्हणजे चूक त्यांची. उद्या दुपारी, मंडळाच्या आधी, त्यांच्या घरी जायचं, एकट्याने, आणि सभ्य शब्दांत सांगायचं, तुम्ही मुलीचा विषय काढू नका, मी फाटकाचा काढणार नाही. दोघांच्याही म्हातारपणाला शोभेल अशी तडजोड.

कठोर व्हायचं. चहा घ्यायचा नाही.

शनिवार, १ मार्च. संध्याकाळी ७.४५

चहा घेतला. दोनदा.

दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. लंगडत चढलो. केबिनवाले एकटेच राहतात. टेबलावर मोडकी छत्री, तिच्या काड्या सरळ करत बसले होते. मला पाहून आश्चर्य वगैरे काही वाटलेलं दिसलं नाही. खुर्ची पुढे सरकवली, घोट्याखाली उशी दिली. मी घसा साफ केला. फाटक, एवढंच म्हणालो.

ते म्हणाले, तेच सांगायचं होतं तुम्हाला.

फाटक बंद झालं की केबिनमध्ये घंटा वाजायची. घंटा झाल्याशिवाय सिग्नल द्यायचा नाही, हा नियम. त्या दिवशी घंटा झालीच नव्हती. ते नवे होते, गाडीला उशीर झाला होता, वरून फोनवर कोणीतरी ओरडत होतं. झाली असेल असं समजून त्यांनी सिग्नल दिला. आणि चौकशीत सांगितलं की घंटा झाली होती. तार बिघडली असेल असं साहेबांनी लिहून टाकलं. नोकरी वाचली. पुढे सदतीस वर्षं त्यांनी घंटा दोनदा ऐकल्याशिवाय सिग्नल दिला नाही. सगळे त्यांना हसायचे.

म्हणाले, हे मी आजवर बायकोलाही सांगितलं नाही, आता ती नाही. तुम्ही मजकूर लिहिताय ना? त्यात लिहा. फाटक उघडं असताना सिग्नल कोणी दिला, नावासकट लिहा. आणि ती मुलगी कोण ते कळलं तर मला एकदा तिच्यासमोर उभं राहू द्या. बाकी काही नको.

मी म्हटलं, लिहितो.

माझ्या हातात काहीच उरलं नाही. ज्याची धमकी द्यायची होती तेच त्यांनी ताटात वाढून दिलं.

निघताना ते म्हणाले, एक लहान मुलगाही होता. फाटकाजवळच्या चरात बसला होता, दोन्ही कानांवर हात, डोळे गच्च मिटलेले. गाडी थांबली तरी उठला नाही. मग एकदम उठून गावाकडे पळत सुटला. त्याचाही मी विचार करतो. किती घाबरला असेल पोर. आता म्हातारा झाला असेल.

मी म्हटलं, असेल.

छत्री दुरुस्त झाली होती. ऊन होतं तरी ती त्यांनी मला काठी म्हणून दिली. जिना उतरायला बरी पडली.

सोमवार, ३ मार्च

ताई आली. सत्तर वर्षांची, पण सामान स्वतः उचलते. चाळीस वर्षं शिवणक्लास चालवला, त्यामुळे माणूस दिसला की आधी खांदे बघते. मला म्हणाली, छोट्या, वाकलास रे.

ठराव: तिचा आणि मंडळाचा कुठेही संबंध येऊ न देणे. बायकोला सांगितलं, ऑपरेशनच्या माणसाला गडबड सोसत नाही, पाहुणे नकोत.

बुधवार, ५ मार्च. दुपारी १२.२०

ऑपरेशन व्यवस्थित. ताई हसत बाहेर आली. माझंच ब्लडप्रेशर नर्सने तपासलं.

शनिवार, ८ मार्च. संध्याकाळी ७.००

 जसं झालं तसं लिहितो.

मंडळात गेलो नाही. घोटा दुखतोय म्हणून कळवलं. साडेचारला बेल वाजली. दारात भूगोलाच्या बाई आणि केबिनवाले. बाई म्हणाल्या, तुम्हाला येता येत नाही म्हणून आम्हीच आलो, परवा छपाई आहे, फोटो आणि मजकूर घेऊन जातो. बायको म्हणाली, या ना, या. पाहुणे नकोत हे तिच्या लक्षात कसं राहिलं नाही, देव जाणे.

ताई आतल्या खोलीत होती. मी मधलं दार लावून घेतलं. ते दार नीट लागत नाही. दोन वर्षं दुरुस्त करायचं म्हणतोय.

बाईंनी मजकूर मागितला. म्हटलं, प्रिंटरची शाई संपली. म्हणाल्या, तोंडी सांगा.  बायकोने तेवढ्यात अल्बमच आणून समोर ठेवला. बाईंनी गोट्याचा फोटो पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं. मग वहीत मागचं पान काढून वाचलं: केस लांब, वारा.

मी काही बोलणार तेवढ्यात केबिनवाल्यांनी अल्बम स्वतःकडे ओढला. माझ्याकडे त्यांनी पाहिलंच नाही. शेजारच्या वेण्यांवर बोट ठेवलं.  त्यांनी बाईंना विचारलं की मला, कळलं नाही, पण आवाज मोठा होता: ही कोण? त्या दिवशी एक चप्पल नव्हती पायात.

मधलं दार उघडलं. काळा चष्मा लावलेली ताई दारात उभी. म्हणाली, डाव्या पायातली. फाटकाच्या फटीत अडकली होती. मग सापडलीच नाही.

केबिनवाले उठायला गेले. खुर्चीचा हात धरून उभे राहिले. दोन्ही हात जोडले.  ताईला नीट दिसत नव्हतं. तिने विचारलं, कोण आहे? बाई म्हणाल्या, त्या दिवशी केबिनमध्ये होते ते. ताई चाचपडत पुढे आली, त्यांचे हात धरले आणि त्यांना खाली बसवलं. म्हणाली, तुमच्यावर काही आलं नाही ना तेव्हा? मला पुढे कितीतरी वर्षं वाटायचं, वरच्या माणसाची नोकरी गेली असेल का.

ते रडायला लागले. बायकोही. बाईंनी पेन खाली ठेवलं.

मी भिंतीला टेकून उभा होतो. आता माझी पाळी, हे कळत होतं. बाईंनी मान वळवली आणि सरळ विचारलं, मग ब्रेकसाहेब, तुम्ही कुठे होतात?

मी अल्बम मिटून ठेवला. 

ताई म्हणाली, हा माझ्याबरोबरच होता. माझं दप्तर सांभाळत होता.

बाईंनी लिहून घेतलं. केबिनवाल्यांनी चष्मा पुसला. चरातल्या मुलाचा विषय त्यांनी काढलाच नाही.

सुटलो.

रविवार, ९ मार्च. सकाळी १०.००

सुटलो असं वाटत नाही. सकाळचा चहा तसाच गार झाला.

दप्तर मी सांभाळलं नव्हतं. तिचं दप्तर फाटकातच पडलं होतं. मी चरात होतो. गाडी थांबल्याचा आवाज आला आणि मी घरी पळालो. धापा टाकत दारात गेलो तर बाबा आणि शेजारीपाजारी उभे. कोणीतरी विचारलं, काय झालं रे? मी म्हटलं, गाडी थांबवली. कोणी थांबवली ते सांगितलं नाही. बाबांनी मला उचलून खांद्यावर घेतलं आणि गल्लीच्या टोकापर्यंत मिरवलं. वरून मला ताई येताना दिसली. लंगडत. एका पायात चप्पल, हातात उसवलेला स्वेटर. आईने तिला तिथेच फटका मारला, चप्पल हरवली, स्वेटर फाडला, धाकट्याला एकटं सोडलं म्हणून.

ताई वर माझ्याकडे बघत होती. मी दुसरीकडे पाहिलं.

हे मी आज पहिल्यांदा लिहितोय. इतकी वर्षं मला वाटायचं की मी हे विसरलोय.

ठराव: पुढच्या शनिवारी मंडळापुढे सगळं कबूल करायचं. उभं राहून. मंडळ मला काढून टाकेल. काढू दे.

गुरुवार, १३ मार्च

कबुलीजबाबाची पाच पानं झाली. सुरुवातीला माझ्या बालपणाची पार्श्वभूमी दिलीय, म्हणजे लोकांना समजून घ्यायला सोपं जाईल. आरशासमोर तालीम केली. तिसऱ्या पानावर माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. चांगलं लिहिलंय.

फलकाचा मजकूर बाईंनीच केला. ११४ शब्द. ताईचं नाव, केबिनवाल्यांचं नाव, न झालेली घंटा. घंटेचं केबिनवाल्यांनी स्वतः सही करून दिलं म्हणे.

शनिवार, १५ मार्च. संध्याकाळी ७.३०

कँटीनमध्ये पावणेचारलाच जाऊन बसलो.  सगळे आले. मी उभा राहिलो. खुर्ची मागे पडली, ती उचलण्यात थोडा वेळ गेला. पानं काढली तर चष्मा घरी. म्हणून जे तोंडात आलं ते बोललो. मी धावलो नाही. दप्तर सांभाळलं नाही. चरात लपलो. घरी जाऊन खोटं बोललो, आणि इथे अकरा वर्षं बोलतोय. मला काढून टाका.

बसलो. 

डॉक्टरांनी टोस्टचा तुकडा चहात बुडवला. म्हणाले, आमच्यापैकी कोणाचा विश्वास होता असं वाटलं की काय तुम्हाला? कधी लाल झेंडा, कधी टॉवेल, एकदा तर आईची साडी होती. आम्हाला वाटायचं गाडीच मुळात नव्हती. बाईंनी वहीत मी कुठल्या शनिवारी काय सांगितलं ते दाखवलं. सतरा नोंदी. शिट्टी म्हणाला, बैलगाडी खरी निघाली याचंच मला नवल वाटलं.

म्हटलं, मग पहिला फलक माझा, असं सर्वानुमते का ठरवलं? बाई म्हणाल्या, नाही म्हटलं असतं तर तुम्ही ती गोष्ट परत सांगितली असती.

केबिनवाले एवढंच म्हणाले, नऊ वर्षांचा होतास रे तू. पहिल्यांदाच अरे-तुरे केलं.

मी त्यांना म्हटलं, चाळीस वर्षांचा झालो तेव्हाही तेच सांगत होतो. साठाव्या वर्षीही. त्यावर त्यांनी मान हलवली. ते खरं आहे, म्हणाले.

चार चाळीसची आली आणि सगळे खिडकीकडे वळले. मला कोणी काढून टाकलं नाही. टोस्टचे पैसे नेहमीसारखे वर्गणीतून गेले.

रविवार, १६ मार्च. दुपारी ३.००

उद्घाटन झालं. ताईने दोरी ओढून पडदा बाजूला केला. केबिनवाले तिच्या शेजारी उभे होते, गळ्यापर्यंत बटणं. त्यांनी स्वतःची चूक मोठ्याने वाचून दाखवली. कोणीतरी टाळ्या वाजवल्या. मी मागच्या रांगेत. समोर एक उंच गृहस्थ होते, त्यामुळे फारसं दिसलं नाही.

बायको चहापाण्यासाठी तिथेच थांबली. मी ताईला घेऊन घरी आलो. रिक्षात म्हटलं, ताई, मला तुझी माफी मागायचीय. ती म्हणाली, गाडीबद्दल? म्हटलं, हो. म्हणाली, गाडीचं मला काही नाही रे. ती तर थांबली. मग तिने काळा चष्मा नीट केला. म्हणाली, बाबांनी मला कधी खांद्यावर घेतलं नाही, छोट्या. तेरा वर्षांच्या मुलीला कोण घेतं म्हणा. पण त्या दिवशी घेतलं असतं.

मला पाच पानांतलं एकही वाक्य आठवलं नाही.

घरी आल्यावर तिच्या डोळ्यात औषध घालायची वेळ झाली होती. म्हटलं, मी घालतो. निदान एवढं तरी. तिने मान मागे टाकली.  पहिला थेंब गालावर पडला. दुसरा कानात. ताईने माझ्या हातातून बाटली काढून घेतली, स्वतःच पापणी खाली ओढली आणि स्वतःच थेंब घातला. बरोबर डोळ्यात.

मी कापूस घेऊन शेजारी उभा होतो.